'संतुलना'चे ३० मार्क आणि सातवा नियम: निबंध स्पर्धेच्या संयोजकांना खुलं पत्र

मा. संयोजक आणि परीक्षक मंडळ यांस,

सप्रेम नमस्कार.

यंदाच्या स्पर्धेचं माहितीपत्रक परवा हातात पडलं. विषय तोच, दहशतवादविरोधी धोरण आणि नागरी स्वातंत्र्य. शब्दमर्यादा तीच, गुणांचा तक्ता तोच. एक नियम तेवढा नवा आहे, सातवा. ज्या निबंधात कोर्टात सुरू असलेल्या खटल्याचा उल्लेख असेल किंवा सरकारी यंत्रणांवर 'अनुचित टीका' असेल तो निबंध न तपासता बाजूला ठेवला जाईल, असं त्यात म्हटलंय. मी तो नियम तीनदा वाचला, म्हटलं आपलाच काहीतरी गैरसमज होतोय. नाही झाला. म्हणून हे पत्र, आणि उघड अशासाठी की गेल्या वर्षी याच तक्त्याबद्दल मी तुम्हाला दोन मेल केल्या होत्या आणि त्यांची साधी पोचही आली नाही.

मी चौदा वर्षं फौजदारी कायदा शिकवतेय. गेल्या वर्षी तुमच्या स्पर्धेत पहिल्या फेरीची परीक्षक होते. म्हणजे मी बाहेरून बोट दाखवत नाहीये, जे झालं त्यात माझाही हात आहे आणि ते मी पुढे सांगणारच आहे.

आधी हे सांगते की अशा स्पर्धा मला हव्या आहेत, मनापासून. आमची मुलं परीक्षेला नोट्स वाचतात, गाईड वाचतात, निकालाचा सारांश चार ओळीत पाठ करतात आणि पास होतात. अख्खं निकालपत्र पहिल्यांदा वाचलं जातं ते बहुतेक वेळा अशा एखाद्या निबंधासाठी. शेवटच्या बाकावर बसणारा, हजेरीपुरता येणारा एक मुलगा एकदा कर्तार सिंग खटल्याचा निकाल प्रिंट काढून, अर्धा पिवळ्या हायलायटरने रंगवून माझ्या केबिनबाहेर उभा होता. टाडा या तेव्हाच्या दहशतवादविरोधी कायद्याखाली पोलीस अधिकाऱ्यासमोर दिलेला कबुलीजबाब पुरावा म्हणून चालतो हे १९९४ मध्ये सुप्रीम कोर्टाने मान्य कसं केलं, आणि मग पुढच्याच वर्षी सरकारने तो कायदा संपू का दिला, असं त्याला विचारायचं होतं. दीड तास बसलो आम्ही. चौदा वर्षांत असे दीड तास फार थोडे आले, आणि त्यातले बरेचसे तुमच्यासारख्यांच्या स्पर्धांमुळे आले. त्यामुळे स्पर्धा बंद करा असं कुणी म्हणत असेल तर मी त्यांच्यात नाही.

आता ४७ नंबर. गेल्या वर्षी माझ्या वाट्याला ६१ निबंध आले होते, नावं काढलेले, फक्त नंबर. ४७ नंबर कुणाचा होता ते मला आजही माहीत नाही. त्यातलं एकही वाक्य मी इथे देणार नाही, तो मजकूर लिहिणाऱ्याचा आहे, पण तो कशाबद्दल होता ते सांगते. यूएपीए या सध्याच्या दहशतवादविरोधी कायद्यातल्या ४३ड या एकाच कलमावर होता. नोव्हेंबर २००८ च्या मुंबई हल्ल्यानंतर महिन्याच्या आत संसदेने हे कलम कायद्यात घातलं. साध्या गुन्ह्यात साठ किंवा नव्वद दिवसांत चार्जशीट आली नाही तर आरोपीला जामिनाचा हक्क मिळतो, इथे कोर्टाच्या परवानगीने ती मुदत १८० दिवसांपर्यंत नेता येते. आणि चार्जशीट आल्यावरही, केस डायरी आणि चार्जशीट वाचून आरोप प्रथमदर्शनी खरे मानायला वाजवी कारण आहे असं कोर्टाला वाटलं की जामीन द्यायचा नाही. सुप्रीम कोर्टाच्या २०१९ च्या वटाली निकालाने यात भर घातली की जामिनाच्या टप्प्यावर पुराव्याची चिरफाड करत बसायचं नाही. हे सगळं आमच्या पाठ्यपुस्तकातही आहे. पण ४७ नंबरने काय केलं होतं तर एक तक्ता केला होता. डावीकडे टप्पा, उजवीकडे दिवस. अटक, रिमांड, मुदतवाढ, चार्जशीट, जामीन अर्ज, फेटाळला, वरच्या कोर्टात अर्ज. 'खटल्याचा निकाल' या ओळीपुढे नुसती आडवी रेघ. आणि त्याखाली के. ए. नजीब खटल्याचा आधार दिला होता, जिथे आरोपी पाच वर्षांहून जास्त काळ आत होता आणि २७६ साक्षीदार तपासायचे बाकी होते, आणि १ फेब्रुवारी २०२१ ला सुप्रीम कोर्टाने सांगितलं की खटला वाजवी वेळात संपण्याची शक्यताच नसेल तर या कलमाची अट कितीही कडक असली तरी घटनात्मक कोर्टं जामीन देऊ शकतात.

बस, एवढंच. ना घोषणा, ना शिवीगाळ. तक्ता, कलम, निकाल आणि त्यातून काढलेला एक निष्कर्ष, की ही तरतूद आहे तशी ठेवता कामा नये. त्या ६१ मध्ये मला तो सगळ्यात चांगला वाटला होता.

आणि मी त्याला 'संतुलन' या रकान्यात ३० पैकी ११ दिले.

कारण तुमच्या तक्त्यात त्या रकान्याखाली लिहिलेलं होतं, 'सुरक्षा आणि स्वातंत्र्य या दोन्ही बाजूंना समान वजन'. ४७ नंबरने समान वजन दिलं नव्हतं, त्याला एक बाजू पटली होती आणि ती का पटली ते त्याने दाखवलं होतं. मी नियमाप्रमाणे मार्क दिले. तो निबंध दुसऱ्या फेरीत गेला नाही, चार मार्कांनी. जे गेले त्यातल्या कित्येकांचा शेवट एकच होता, सुरक्षाही महत्त्वाची, स्वातंत्र्यही महत्त्वाचं, दोन्हींत योग्य तो समतोल साधला पाहिजे. हे वाक्य लिहायला एकही निकाल वाचावा लागत नाही हो. त्या वेळी मी सही करायला नको होती, केली. हे वर्षभर मनात सलतंय.

माझी पहिली तक्रार म्हणून या तीस मार्कांबद्दल आहे. तराजूच्या एका पारड्यात सगळ्यांची सुरक्षा आणि दुसऱ्यात काही थोड्यांचं स्वातंत्र्य असं एकदा मांडलं की कुठलं पारडं खाली जाणार ते मांडतानाच ठरलेलं असतं. शिवाय स्वातंत्र्य कुणाचं जातंय आणि सुरक्षित कुणाला वाटतंय, ही माणसं बहुतेक वेळा एक नसतातच. माझ्या सुरक्षेसाठी माझा फोन तपासला जाणं वेगळं आणि माझ्या सुरक्षेसाठी दुसऱ्या कुणाचा तरी मुलगा सहा वर्षं खटल्याशिवाय आत असणं वेगळं, आणि निबंध लिहिणाऱ्याने हा फरक दाखवला तर तुमच्या तक्त्यात तो एकांगी ठरतो.

जगातल्या ज्या निकालांसाठी हा विषय अभ्यासावा ते बघा ना. २००१ च्या हल्ल्यानंतर ब्रिटनने परदेशी संशयितांना खटल्याशिवाय बेमुदत डांबायचा कायदा केला. १६ डिसेंबर २००४ ला तिथल्या तेव्हाच्या सर्वोच्च कोर्टातल्या नऊ न्यायाधीशांपैकी (लॉर्ड्सपैकी) आठांनी तो मानवी हक्कांशी विसंगत ठरवला, आणि मुद्दा फिरला तो एका साध्या प्रश्नावर, की धोका आपल्या नागरिकांकडूनही आहे असं सरकारच म्हणतंय तर मग डांबायचं फक्त परदेशी माणसांनाच का? इस्रायलच्या सुप्रीम कोर्टाने सप्टेंबर १९९९ मध्ये चौकशीतल्या छळाच्या पद्धती बेकायदा ठरवल्या, त्या निकालात देशासमोरच्या धोक्याचं वर्णन पानंच्या पानं आहे, धोका कुणी नाकारला नाही, तरीही यंत्रणेला हा अधिकार कायद्याने दिलेलाच नाही असं कोर्टाने ठणकावून सांगितलं. जर्मनीच्या घटना न्यायालयासमोर २००६ मध्ये अपहरण झालेलं विमान लष्कराने पाडावं की नाही हा प्रश्न होता, आत निरपराध प्रवासी असले तरी, जमिनीवरच्या माणसांना वाचवण्यासाठी. कोर्ट म्हणालं नाही, माणसाचा जीव असा साधन म्हणून वापरता येणार नाही. हे तीनही निकाल चुकले असं म्हणणारा निबंधही मला चालेल, उलट आवडेल, कारण तो लिहायला डोकं लागेल. पण 'दोन्ही बाजू समान' म्हणणारा निबंध या निकालांना हातच लावत नाही.

आणि आपल्याकडचं उदाहरण तर तुमच्यातल्या प्रत्येकाने शिकवलंय. १९७६, आणीबाणी, एडीएम जबलपूर. हा दहशतवादाचा खटला नाही, पण खटल्याशिवाय स्थानबद्ध केलेल्या माणसाने कोर्टात दाद मागायची की नाही हाच प्रश्न होता. पाचपैकी चार न्यायमूर्ती सरकारच्या बाजूने, एकटे न्या. एच. आर. खन्ना विरोधात. दुसऱ्या वर्षी त्यांना डावलून सरन्यायाधीशपद दुसऱ्यांना दिलं गेलं आणि त्यांनी राजीनामा दिला. २०१७ मध्ये खासगीपणाच्या हक्कावरच्या पुट्टस्वामी निकालात नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने तो बहुमताचा निकाल चुकीचा होता असं म्हणून तो रद्दबातल केला. खन्नांनी कुठल्याही दोन बाजूंना समान वजन दिलं नव्हतं. त्यांनी सरकारचा युक्तिवाद पूर्ण ऐकला, मांडला, आणि मग नाही म्हटलं. मुलांनी हेच शिकावं ना आपल्याकडून?

मला माहीत आहे यावर काय उत्तर येईल, गेल्या वर्षी एका सहपरीक्षकांनी दिलंच होतं. की मॅडम, हल्ल्यात ज्यांची माणसं गेली त्यांचा विचार कोण करणार? हा प्रश्न खरा आहे आणि मी तो टाळणार नाही. २१ नोव्हेंबर १९७४ ला बर्मिंगहॅममध्ये दोन पबमध्ये बॉम्ब फुटले, २१ माणसं मेली. लोक संतापलेले, आठ दिवसांत संसदेने नवा कडक कायदा मंजूर केला. सहा जणांना पकडलं, कबुलीजबाब घेतले, १९७५ मध्ये जन्मठेप. १४ मार्च १९९१ ला ते सहाही निर्दोष म्हणून बाहेर आले. सोळा वर्षं त्यांची गेली हे तर झालंच, पण त्या २१ जणांच्या घरच्यांना काय मिळालं? त्या स्फोटांसाठी त्यानंतर आजवर कुणालाही शिक्षा झालेली नाही. सोळा वर्षं सगळे समजत होते की गुन्हेगार आत आहेत, आणि खरे गुन्हेगार मोकळेच राहिले. आपल्याकडे अक्षरधाम हल्ला २००२ चा. खालच्या कोर्टात दोषी, हायकोर्टात दोषी, त्यातल्या तिघांना फाशी, आणि १६ मे २०१४ ला सुप्रीम कोर्टाने सहाही जणांना सोडलं, तपासावर कडक ताशेरे ओढून. आरोपीच्या हक्कांची काळजी घेणं म्हणजे पीडितांच्या विरोधात जाणं, हे गृहीतक तुमच्या तराजूत घट्ट बसलंय आणि ते खरं नाही. ज्याचा मुलगा स्फोटात गेला त्याला कुणीतरी पकडलेला नकोय, ज्याने केलं तो पकडलेला हवाय.

दुसरी तक्रार सातव्या नियमाची, आणि ही जास्त गंभीर आहे. सुरू असलेल्या खटल्याचा उल्लेख नको. आता या कायद्यांखालचे खटले किती वर्षं चालतात ते तुम्हाला मी सांगायला नको. ११ जुलै २००६ चे मुंबईतल्या लोकलमधले स्फोट घ्या. २०१५ मध्ये विशेष कोर्टाने १२ जणांना दोषी धरलं, पाच जणांना फाशी. २१ जुलै २०२५ ला हायकोर्टाने सगळ्यांना निर्दोष सोडलं. तीन दिवसांत सुप्रीम कोर्टाने सांगितलं की सुटलेल्यांना परत आत टाकायचं नाही पण हा निकाल इतर खटल्यांत दाखला म्हणून वापरता येणार नाही. म्हणजे स्फोट झाले त्या वर्षी जन्मलेलं मूल आज तुमच्या स्पर्धेत निबंध पाठवण्याच्या वयाचं झालंय, आणि तुमच्या नियमाप्रमाणे त्याने या खटल्याचं नावही काढायचं नाही, कारण अपील सुरू आहे. मग लिहायचं कशावर? टाडा १९९५ ला संपला, त्याच्यानंतर आलेला पोटा २००४ ला रद्द झाला, फक्त मेलेल्या कायद्यांवर लिहायचं का?

चालू खटल्यात कोण दोषी आणि कोण निर्दोष हे निबंधात ठरवू नये, हे मला मान्य आहे, तसा नियम करा, मी स्वतः मुलांना तेच सांगते. पण उल्लेखच नको हे वेगळं. २०२४ मध्येच सुप्रीम कोर्टाच्या एका पीठाने गुरविंदर सिंग खटल्यात म्हटलं की यूएपीएखाली जेल हा नियम आणि जामीन हा अपवाद, आणि सहा महिन्यांनी दुसऱ्या पीठाने जलालुद्दीन खान खटल्यात म्हटलं की विशेष कायद्यातही जामीन हाच नियम. न्यायमूर्तींमध्येच जो वाद भर कोर्टात चाललाय त्यावर वीस वर्षांच्या विद्यार्थ्याने मत मांडायचं नाही, हे कुठल्या हिशेबाने?

आणि 'अनुचित टीका' म्हणजे काय हे तुम्ही कुठेच लिहिलेलं नाही. कोण ठरवणार तेही नाही. संदिग्ध शब्दाची भीती काय असते हे तर या विषयातलं पहिलं प्रकरण आहे. दहशतवादाची व्याख्या सैल ठेवली की तिच्यात कुणीही बसतो म्हणून तर जगभर भांडणं आहेत, संयुक्त राष्ट्रांना अजून सर्वांना मान्य होईल अशी एक व्याख्या करता आलेली नाही. अशा विषयाच्या स्पर्धेत तुम्हीच व्याख्या नसलेला शब्द घालून निबंध बाद करणार. याचा परिणाम काय होतो ते सांगते. माझ्या वर्गातल्या एका मुलीने यंदा विषय बदलला. तिला पाळत आणि फोन टॅपिंगवर लिहायचं होतं, निम्मी तयारी झाली होती, नियम वाचून म्हणाली, मॅम, जाऊ दे, मी सायबर फसवणुकीवर लिहिते, दुसरीकडे पाठवते. तिला कुणी धमकी दिली नाही, कुणी अडवलं नाही. एका शब्दाने काम झालं.

बाकीच्या गोष्टी भराभर सांगते. तळटीपा शब्दसंख्येत धरता, त्यामुळे जो जास्त वाचून संदर्भ देतो त्याचेच शब्द कापले जातात आणि जो मनाने लिहितो त्याला जागा उरते. निबंध पाठवला की कॉपीराइट कायमचा तुमचा, न जिंकलेल्याचाही, आणि तुम्ही छापता फक्त पहिले तीन. म्हणजे ४७ नंबरचा निबंध ना तुम्ही छापणार ना तो बिचारा दुसरीकडे देऊ शकणार. आणि फक्त इंग्रजीतच का? खालच्या कोर्टात जबाब मराठीत, पंचनामा मराठीत, रिमांड अर्ज मराठीत, आणि त्यावरचा विचार तेवढा मराठीत चालणार नाही?

तुमची अडचण मला अजिबात कळत नाही असं नाही. संस्था चालवायची असते, पाहुणे बोलवायचे असतात, कुणीतरी एक वाक्य उचलून तक्रार करेल ही भीती असते, आणि आजकाल ती भीती खोटी नाही. पण त्यासाठी साधा उपाय आहे, मतं लेखकाची आहेत, संस्थेची नाहीत, असं पहिल्या पानावर छापा. सगळी नियतकालिकं छापतात. आपली भीती मुलांच्या मार्कांतून वसूल करू नका, एवढंच माझं म्हणणं आहे.

मागण्या स्पष्ट लिहिते, म्हणजे उत्तर देणं सोपं जाईल.

१. सातवा नियम मागे घ्या. त्याच्या जागी एवढंच ठेवा की चालू खटल्यातल्या कुणालाही दोषी किंवा निर्दोष ठरवू नये.

२. 'संतुलन' हा रकाना काढा. त्या तीस मार्कांत बघा की लिहिणाऱ्याने विरुद्ध बाजूचा सगळ्यात मजबूत युक्तिवाद प्रामाणिकपणे मांडलाय का आणि त्याला उत्तर दिलंय का. निष्कर्ष कुठल्याही बाजूचा असो. जो म्हणेल १८० दिवसही कमी आहेत, त्यालाही तीसपैकी तीस मिळू देत, जर त्याने नजीब निकालाला उत्तर दिलं असेल.

३. बाद केलेल्या प्रत्येक निबंधाला लेखी कारण द्या, दोन ओळी चालतील, आणि दाद मागायची सोय ठेवा.

४. तळटीपा शब्दमर्यादेबाहेर, कॉपीराइट लेखकाकडे, मराठीतले निबंध स्वीकारा.

५. गेल्या वर्षीचे पहिल्या फेरीत राहिलेले निबंध नव्या तक्त्याने पुन्हा तपासा. माझ्याकडचे ६१ मी परत वाचायला तयार आहे, मानधन नको, सुट्टीत वाचेन.

यंदाच्या परीक्षणासाठी तुमचं निमंत्रण आलंय, शेवटच्या तारखेआधी होकार कळवा म्हणून. पहिल्या दोन मागण्या मान्य झाल्या तर माझा होकार धरा. नाही झाल्या तर मी त्या तक्त्यावर परत सही करणार नाही, आणि माझ्या ओळखीच्या परीक्षकांनाही हे पत्र पाठवतेय, त्यांनी त्यांचं ठरवावं.

आणि ४७ नंबर, तू जो कुणी असशील किंवा जी कुणी असशील, हे वाचत असशील तर एक सांगायचंय. तुझ्या तक्त्यात चार्जशीटच्या ओळीत दिवसांची बेरीज दोनाने चुकली होती, तेवढी दुरुस्त कर. बाकी निबंधाला हात लावू नकोस. ते ११ मार्क मी दिले होते आणि ते चुकीचे होते.

आपली,
गेल्या वर्षीची पहिल्या फेरीची एक परीक्षक